आयुष्य कारणी लागलं, मग बरं का वाटत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या बाई ६१ वर्षांच्या आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं शिकवून निवृत्त झाल्या. पतीला जाऊन सहा वर्षं झाली. धाकट्या दिराचं शिक्षण, बहिणीच्या दोन मुलींची लग्नं आणि शाळेतल्या कितीतरी पोरांच्या वह्या-चपला त्यांच्या पगारातून झाल्या. कुणाचा पैसा ठेवला नाही, खोटी हजेरी लावली नाही. आता मुला-सुनेकडे राहतात. त्या लिहितात, "लोक अजून रस्त्यात पाया पडतात, पण मला आनंद म्हणून वाटत नाही. माझ्याबरोबरची एक बाई अर्धा वेळ शाळेतच नसायची. ती मजेत आहे. चांगलं वागून मला मिळालं काय? पोथी वाचते, पण तिथेही मन लागत नाही." आणि अगदी शेवटी एक ओळ आहे : "सूनबाई सगळं करायला बघते, पण मला कुणाकडून करून घ्यायची सवय नाही."

बाई, शिक्षकी पेशातल्या कुणालाही दुसरी हाक माझ्या तोंडून निघत नाही, म्हणून बाईच म्हणते. पहिल्यांदा पत्र वाचलं तेव्हा मला तुमचा राग दिसला. दुसऱ्यांदा वाचताना त्या शेवटच्या ओळीशी थांबले. जाता जाता लिहिल्यासारखी आहे ती, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिच्यातच दिसतं. तिथपर्यंत मी जरा वळसा घेऊन येणार आहे. २६ वर्षं समुपदेशनाचं काम करताना एवढं कळलंय की ही गोष्ट एकदम सांगितली तर माणसाला पटत नाही, उलट दुखावते.

आधी एक डॉक्टरी गोष्ट उरकून घेऊ. आनंद वाटत नाही हे वाक्य दोन प्रकारची माणसं बोलतात. काहींना आयुष्याबद्दल प्रश्न पडलेला असतो, काहींना आजार झालेला असतो. पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा डोळा लागत नाही, जेवणाची चव गेली आहे, पूर्वी आवडायचं तेही नको वाटतं, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त दिवस जवळजवळ रोज चाललं आहे, असं असेल तर ते नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार असतात आणि ते लागू पडतात. तुमच्या वयात थायरॉइड आणि बी-१२ तपासून घेणंही गरजेचं, कारण ही दोन्ही दुखणी मनाचं सोंग घेऊन येतात. जवळपास मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं. हे आधी बघा. पुढचं सगळं त्यानंतरचं.

आता मूळ प्रश्न. आपल्या भाषेत दोन वेगळ्या गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत, पण हिशेब मांडताना आपण त्यांची गल्लत करतो. एक आहे 'बरं वाटणं' आणि दुसरं 'कारणी लागणं'. नातवाने गळ्यात हात टाकले, कुणी न सांगता हातातली जड पिशवी घेतली, की आपल्याला बरं वाटतं. पोराला आयटीआयला घातलं आणि ते मार्गाला लागलं, तर चार पैसे कारणी लागले म्हणतो. पहिल्याचा अनुभव त्या क्षणी येतो आणि संध्याकाळपर्यंत विरूनही जातो. दुसरं कळायला कधीकधी वीस वर्षं लागतात, पण ते विरत नाही. चांगलं वागण्याचा या दोन्हींशी संबंध आहे. मात्र तो वेगवेगळ्या वाटेने येतो, आणि तुमची गाठ तिथेच बसली आहे.

यावर एक अभ्यास आहे आणि मी तो माझ्या खोलीत बसलेल्या माणसांना वारंवार सांगते. विल्हेल्म हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१४ साली 'सायन्स' या नियतकालिकात छापला. अमेरिका आणि कॅनडातल्या १,२५२ प्रौढांना तीन दिवस, दिवसातून पाच वेळा, मोबाइलवर विचारलं गेलं : गेल्या तासाभरात तुम्ही काही चांगलं किंवा वाईट वागलात का? तुमच्याशी कुणी वागलं का? काही पाहिलं, काही कानावर आलं? शिवाय आत्ता किती आनंदी वाटतंय, आयुष्याला किती अर्थ आहे असं वाटतंय? तेरा हजारांवर उत्तरं गोळा झाली आणि त्यांपैकी जवळपास २९ टक्के उत्तरांत काही ना काही नैतिक प्रसंग होता. म्हणजे चांगलं-वाईट वागणं ही मोठ्या कसोटीच्या वेळेपुरती गोष्ट नाही. लिफ्टचं दार धरून ठेवणं, रांगेत घुसणं, खोटं कारण सांगणं, दमलेल्याला चहा विचारणं, असं ते दिवसभर चालू असतं.

या अभ्यासातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी. आनंदावर सर्वांत जास्त परिणाम झाला तो दुसऱ्याने आपल्याशी चांगलं वागण्याचा. आयुष्याला अर्थ आहे असं वाटण्यावर सर्वांत जास्त परिणाम झाला तो आपण स्वतः चांगलं वागण्याचा. केल्याने कारणी लागल्यासारखं वाटतं, आणि कुणी आपल्यासाठी केलं तर बरं वाटतं. लोकांनी स्वतःच सांगितलेल्या गोष्टींवर हा अभ्यास उभा आहे, आणि तोही परदेशातला, हे मी विसरत नाही. पण गेली कित्येक वर्षं माझ्यासमोर बसून गेलेली माणसं आठवली की हे खरं आहे असंच मला वाटतं.

आता तुमचं पत्र पुन्हा वाचा. तुम्ही दिराला शिकवलं, भाच्यांची लग्नं लावली, पोरांच्या पायात चपला घातल्या. हे सगळं करणं आहे. अख्ख्या पत्रात, कुणी तुमच्यासाठी काही केलं आणि तुम्ही ते घेतलं, असा एकही प्रसंग नाही. एका खात्यात तुम्ही ३४ वर्षं भरणा केलात आणि पासबुक उघडून बघताय ते दुसऱ्याच खात्याचं. त्यात शिल्लक दिसत नाही म्हणून वाटतं, आपले पैसे बुडाले. ते बुडालेले नाहीत. रस्त्यात पाया पडणारा तो पोरगा म्हणजे पहिल्या खात्याचं व्याज आहे. तो वाकतो तेव्हा तुम्हाला आनंद होतो का, हे मला माहीत नाही. पण त्या क्षणी "माझ्या जगण्याने कुणाचं तरी काही झालं" एवढं तरी तुम्हाला वाटतच असणार. नाहीतर ते पाया पडणं तुम्ही पत्रात लिहिलंच नसतं.

या दोन गोष्टी एकमेकींपासून किती सुट्या असू शकतात याचा आणखी एक दाखला आहे. रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली सुमारे चारशे प्रौढांच्या उत्तरांवरून आनंदी जगणं आणि अर्थपूर्ण जगणं यांतला फरक शोधला. घेणाऱ्या माणसाच्या वाट्याला आनंद जास्त आणि देणाऱ्याच्या वाट्याला अर्थ जास्त, असा कल त्यात दिसला. काळजी आणि ताणही अर्थपूर्ण जगण्याबरोबर जास्त आढळले. लहान मूल आजारी असताना रात्रभर उशाशी बसलेल्या आईला कुणी विचारलं की बाई, तू आनंदी आहेस का, तर ती काय सांगेल? पण तिथून उठून दुसरीकडे जायला ती तयार होणार नाही. तुमची ३४ वर्षं बरीचशी अशी गेली आहेत. त्या वर्षांत फार हसू नव्हतं म्हणून ती वाया गेली असं धरू नका.

"मग देण्यात आनंद नसतोच का?" असं तुम्ही विचाराल. असतो. एलिझाबेथ डन, लारा अ‍ॅक्निन आणि मायकेल नॉर्टन यांनी २००८ मध्ये एक साधा प्रयोग छापला. माणसांना सकाळी पाकिटात पाच किंवा वीस डॉलर दिले. काहींना सांगितलं, संध्याकाळी पाचपर्यंत स्वतःवर खर्च करा. काहींना सांगितलं, दुसऱ्यावर खर्च करा. संध्याकाळी दुसऱ्यावर खर्च केलेली मंडळी जास्त आनंदी निघाली, आणि पाच डॉलर होते की वीस याने काही फरक पडला नाही. पण याच्या जोडीला दुसरं संशोधन ठेवावं लागतं. नेटा वाइनस्टाइन आणि रिचर्ड रायन यांनी २०१० मध्ये दाखवलं की मदत आपल्या मनाने केलेली असेल तरच करणाऱ्याला तिचं सुख मिळतं. दबावाखाली किंवा अपराधी वाटू नये म्हणून केलेल्या मदतीतून ते मिळत नाही.

इथे तुम्हाला एक विचारते, आणि उत्तर मला पाठवू नका, स्वतःलाच द्या. दिराच्या शिक्षणाचं जेव्हा ठरलं तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं होतं का? की "वहिनीचा पगार आहे" एवढ्यावर ते ठरून गेलं? आपल्याकडे नोकरी करणाऱ्या थोरल्या सुनेचा पगार हा घराचा समजला जायचा. त्यातून झालेलं दान अनेकदा तिच्या हातून होतं, पण तिच्या मनातून नसतं. माझ्याकडे आलेल्या कितीतरी बायकांनी पाच-पाच लाखांची मदत सपाट आवाजात सांगितली आहे आणि तीस रुपयांच्या चपलेबद्दल बोलताना त्यांचा चेहरा उजळलेला मी पाहिला आहे. चप्पल ही त्यांची स्वतःची कल्पना होती, म्हणून. तुमच्या यादीतलं काय 'करावं लागलं' आणि काय 'करावंसं वाटलं', हे वेगळं काढून बघा. दुसऱ्या रांगेतल्या गोष्टींमध्ये तुमचा आनंद आजही असेल.

आणि आता त्या शेवटच्या ओळीकडे येते.

मराठी मध्यमवर्गीय घरात एका शब्दाची फार भीती असते : मिंधेपण. "कुणाचं मिंधं व्हायचं नाही" हे मी माझ्या वडिलांच्या तोंडून जितक्या वेळा ऐकलं तितक्या वेळा दुसरं काहीच ऐकलं नसेल. आम्ही मूळचे माण तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात वडील पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला गेले होते. मी तेव्हा पाळण्यात होते. आई सांगायची की सुकडी घ्यायला रांगेत उभं राहताना ते मान वर करायचे नाहीत. पुढे नोकरी लागली, घर झालं, पण ती खाली गेलेली मान त्यांच्या मनात तशीच राहिली. कुणाकडे जेवायला जायचं तर आधी फळं घेतल्याशिवाय ते उंबरा ओलांडत नसत. कुणी चहाचे पैसे दिले तर दुसऱ्या दिवशी शोधून परत करायचे. त्यांच्या स्वाभिमानाचा मला अभिमान आहे आणि तो का आला हेही मला कळतं. टंचाईच्या काळात घेणं म्हणजे खरोखरच कुणाच्या तरी हाताखाली जाणं होतं. पण त्या स्वाभिमानाची किंमत त्यांनी काय मोजली तेही मी पाहिलं. शेवटच्या आजारपणात पाणी पाजायला आलेल्या मुलीचंही त्यांना ओझं वाटायचं. ती मुलगी मी. त्यांनी तो पेला माझ्या हातून हसून घेतला असता तर मला काय वाटलं असतं, याचा विचार मी आजही करते.

मीही त्यांचीच लेक. बारा वर्षांपूर्वी माझा पाय घोट्यात मोडला. सहा आठवडे प्लास्टर होतं. समोरच्या घरातल्या वहिनी पहिल्याच दिवशी डबा घेऊन आल्या. मी म्हटलं, "कशाला उगाच, आम्ही करतो ना काहीतरी." दुसऱ्या दिवशी आल्या, पुन्हा मी तेच बोलले. तिसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. लोकांना रोज घेणं शिकवणारी मी, पण चार दिवस खिचडी खाऊन काढले आणि मनात म्हणत राहिले, शहरात कुणी कुणाचं नसतं. चौथ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या मुलाने दारात येऊन विचारलं, "काकू, आईच्या भाजीत तिखट जास्त असतं का? ती विचारतेय." त्या बाईने तीन दिवस स्वतःच्या हाताच्या चवीवर शंका घेतली होती. माझ्या 'कशाला उगाच' चा तिला कळलेला अर्थ हा होता. मी त्याच मुलाबरोबर निरोप पाठवला की उद्या भरलं वांगं करा. त्या जेवणाने मला जे बरं वाटलं ते वांग्याने नव्हतं. डबा उचलताना वहिनींच्या चेहऱ्यावर जे दिसलं त्याने होतं.

तुम्हाला नेमकं हेच सांगायचं आहे, बाई. करण्यातून आयुष्याला अर्थ मिळतो हे खरं असेल, तर घेणारं कुणीतरी लागतं. तुम्हाला ३४ वर्षं ते मिळालं : पोरांनी तुमच्या चपला घातल्या, भाच्या तुमच्या पैशाने बोहल्यावर चढल्या. त्यांनी "नको बाई, आम्हाला सवय नाही" म्हटलं असतं तर तुमच्या आयुष्यातला तो भाग रिकामा राहिला असता. आज सूनबाई करायला बघते आणि तुम्ही हात आखडता. त्यामुळे तुमचं 'बरं वाटणं' तर जातंच, तिचं 'कारणी लागणं'ही जातं. स्टेफनी ब्राउन यांनी २००३ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइट भागातल्या ४२३ वृद्ध जोडप्यांच्या पाच वर्षांच्या माहितीवरून मांडलं होतं की आपल्या माणसांना आधार देणाऱ्यांमध्ये त्या काळात मृत्यूचं प्रमाण कमी होतं, नुसता आधार घेण्याने तसा फरक दिसला नाही. देण्याने देणाऱ्यात इतकं बळ येत असेल तर ते एकटीपाशी साठवून कसं चालेल?

घेण्याची रीत आपल्याकडे नव्हती असं नाही. आषाढी वारीला निघालेल्या ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात येतात तेव्हा भवानी पेठ-नाना पेठेत जाऊन बघा. कुणी वारकऱ्यांच्या पायांना तेल चोळत असतं, कुणी फुकट दाढी करून देतं, कुणी तुटलेल्या चपला शिवून देतं. आणि तो सत्तरीचा शेतकरी, जो गावात कुणाचं देणं ठेवणार नाही, तो निवांत पाय पुढे करून बसलेला असतो. त्याला लाज वाटत नाही. पाय चोळणारा त्याला माउली म्हणतो, तोही चोळणाऱ्याला माउली म्हणतो. मी दरवर्षी जाते आणि दरवर्षी मला त्या पुढे केलेल्या पायांचं जास्त अप्रूप वाटतं. तेल लावायला उत्साह पुरतो, पाय पुढे करायला मोठा विश्वास लागतो. एरवी शेतीतही सावड होती. आज तुझ्या रानात माझे बैल, उद्या माझ्या रानात तुझे. त्यात देणारा वरचा आणि घेणारा खालचा असा भेद राहायचाच नाही, कारण आठवड्याभरात भूमिका बदलायच्या. शेजारणीची वाटी रिकामी परत करू नये, साखर तरी घालून द्यावी, हा संकेत तुम्हाला माहीत आहेच. त्याचा आधीचा अर्धा भाग मात्र आपण विसरतो : वाटी आधी घ्यावी लागते.

तुमच्या त्या सहकारी बाईंबद्दल मी थोडक्यातच बोलेन, कारण त्यांना मी ओळखत नाही आणि तुम्हीही फक्त त्यांचा बाहेरचा चेहरा ओळखता. त्यांनी कामात कुचराई केली म्हणून त्या मजेत आहेत, असा निष्कर्ष मी काढणार नाही. माझा अंदाज असा की त्यांना माणसांकडून घेता येत असेल. कुणी साडीचं कौतुक केलं तर "छे, जुनीच आहे" न म्हणता त्या हसत असतील, मैत्रिणीने सहलीला बोलावलं की निघत असतील. त्यांच्याकडून एवढंच शिकण्यासारखं आहे, हजेरीपटातलं नाही. आणि तुमच्या वाटणीचं काम त्यांनी टाळलं असेल तर त्याचा राग येणं रास्त आहे. तो राग चांगुलपणात बसत नाही म्हणून दाबू नका. बोलून टाका.

एक नाजूक गोष्ट आता सांगते, ती रागाने वाचू नका. हॉफमन यांच्याच अभ्यासात असं दिसलं की ज्याच्याशी कुणी चांगलं वागलं होतं, तो त्या दिवशी पुढे स्वतः चांगलं वागण्याची शक्यता वाढत होती. पण ज्याने स्वतः काही चांगलं केलं होतं, तो पुढे थोडी सूट घेत होता. आपण सगळेच घेतो. दिवसभर सासऱ्यांची सेवा केलेली बाई संध्याकाळी मोलकरणीवर खेकसते आणि तिला त्याचं काही वाटत नाही, कारण सकाळचं पुण्य गाठीशी असतं. वर्षानुवर्षं फक्त देत राहिलेल्या माणसाच्या गाठीशी फार मोठं पुण्य साठतं, आणि त्याच्या जोरावर तो आसपासच्यांना तोलायला लागतो. मी एवढं केलं, यांनी काय केलं? तुमच्या पत्रात सुनेबद्दल वाईट शब्द नाही. पण ती "करायला बघते" असं तुम्ही लिहिलंय, "करते" असं लिहिलेलं नाही. भाजी चिरताना तुम्ही तिच्या हातून विळी घेता का? तिने घडी घातलेले कपडे पुन्हा घडी घालता का? घालत असाल तर त्यात तुमची काटेकोर सवय आहे हे मान्य, पण तिला त्यातून काय ऐकू जातं तेही बघा. मला समोरच्या वहिनींनी शिकवलं, ते हेच.

हे सगळ्यांनाच लागू नाही. माझ्याकडे एक बाई यायच्या, त्यांचे भाऊ फक्त मागायचे. त्यांना मी "घ्यायला शिका" असं कधीच सांगितलं नाही, कारण तिथे द्यायला कुणी तयारच नव्हतं. त्यांना नाही म्हणायला शिकायचं होतं आणि त्याला दीड वर्ष लागलं. एक निवृत्त गृहस्थ तर सगळ्यांना मदत करायचे आणि मग त्या मदतीच्या जोरावर सगळ्यांची आयुष्यं चालवायला बघायचे. घेतलं तर आपला वरचष्मा जाईल, या भीतीने ते घेत नसत. त्यांच्या बाबतीत माझ्या हाती फारसं यश आलं नाही. तुमचं पत्र या दोघांसारखं नाही. तुमच्या घरात देणारं माणूस आहे, रस्त्यात वाकणारी पोरं आहेत. तुमच्याकडे दार आहे, फक्त ते बाहेरच्या बाजूलाच उघडतं.

काय करायचं ते सांगते. मोठं काही करू नका. रोज एक छोटी गोष्ट कुणाकडे तरी मागा. गॅसचा नंबर लावून दे, मोबाइलवर फोटो कसा पाठवायचा दाखव, भाजी आणायला जातेस तर माझ्यासाठी शेपू आण. मागताना जिवावर येईल आणि वाटेल की समोरच्याला त्रास होतोय. हा अंदाज बहुतेक वेळा चुकतो. फ्रँक फ्लिन आणि व्हेनेसा लेक यांनी २००८ मध्ये हेच तपासलं. हो म्हणणारी ठरावीक माणसं मिळवायला किती जणांना विचारावं लागेल, असा अंदाज लोकांना आधी बांधायला लावला. प्रत्यक्षात लागली त्याच्या जवळपास दुप्पट माणसं त्यांनी धरली होती. माणसं आपल्याला वाटतात त्यापेक्षा पुष्कळ सहज हो म्हणतात.

दुसरं, परतफेडीची घाई करू नका. कुणी काही दिलं की त्याच संध्याकाळी काहीतरी नेऊन द्यायचं, हा मिंधेपणाला घाबरून केलेला व्यवहार आहे. आठ दिवस ती वाटी तुमच्या ओट्यावर राहू द्या. ती दिसेल तेव्हा अस्वस्थ वाटेल, ते वाटू द्या. त्या अस्वस्थपणातच तुम्हाला एक दिवस शेजारणीची आठवण येऊन बरं वाटेल. मी हे बऱ्याच जणांकडून करून घेतलं आहे. पहिला आठवडा सगळे तक्रार करतात.

तिसरं शब्दांचं आहे. "कशाला उगाच", "नको गं", "मी करते, तू राहू दे" हे तीन शब्दप्रयोग महिनाभर बाजूला ठेवा. त्यांच्या जागी "बरं झालं आणलंस" म्हणा. शिक्षक म्हणून तुम्हाला माहीत आहे, पोराने चित्र दाखवल्यावर बाई काय म्हणतात यावर ते पुन्हा काढेल की नाही ते ठरतं.

आणि द्यायचं थांबवू नका. निवृत्तीनंतर पुष्कळांचं देणंही एकदम आटतं, मग दोन्ही बाजूंनी कोरडं पडतं. मात्र आता मनाला वाटेल तेच द्या. वस्तीतल्या दोन पोरांना गणित शिकवावंसं वाटलं तर शिकवा. नात्यातल्या कुणाला तरी पैसे द्यावे लागतील म्हणून देत असाल तर एकदा थांबून विचार करा.

पोथीत मन लागत नाही, याचं वाईट वाटून घेऊ नका. हॉफमन यांच्या त्या अभ्यासात धार्मिक आणि धार्मिक नसलेली माणसं चांगलं वागण्याच्या प्रमाणात सारखीच निघाली. तुमचं पोथीतलं लक्ष उडालं म्हणून तुमच्यातलं काही कमी झालेलं नाही. मन थकलं असेल. थोडे दिवस वाचू नका, सुनेला वाचायला सांगा आणि तुम्ही ऐका. तिचे उच्चार चुकतील. चुकू द्या.

उद्या सकाळी ती चहा विचारेल. तुम्ही पाच वाजता उठून स्वतःचा करून घेत असाल, असा माझा अंदाज आहे. उद्या करू नका. ती उठेपर्यंत थांबा, गॅलरीत बसा. चहा आला की हातात घ्या, आणि साखर कमी असेल तर उठून स्वतः घालू नका, तिला सांगा, "अर्धा चमचा अजून लागते गं मला." तिला हे आजवर माहीत नसेल. तुम्ही कधी सांगितलंच नसणार. पुढच्या महिन्यात मला लिहा, तिने परवापासून साखर बरोबर घातली का ते.